सोलर स्ट्रक्चरचे गंजके बोल्ट बदलताना (इंदूर)
पावसाळ्यानंतर चार पॅनेलची रांग वाऱ्यात खडखडायला लागली. जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) अँगल ठणठणीत होते, गंजले होते ते स्वस्तातले प्लेटिंगचे बोल्ट. पॅनेल ज्यावर टेकतात त्या दोन रेलवर चार एंड (रांगेच्या टोकांना धरणारे) आणि सहा मिड (दोन पॅनेलच्या मधले) क्लॅम्प लागतात. लोहामंडीत अँगल किलोवर मिळतो, क्लॅम्प नगावर. आधी फ्रेमची जाडी मोजा, 35 मिमीच्या फ्रेमला 40 चा एंड क्लॅम्प घट्ट बसतच नाही. बोल्ट एम8, स्टेनलेस 304. डोक्यावर ए2-70 ही स्टेनलेसची खूण बघा. चुंबकावर विसंबू नका, अस्सल बोल्टही किंचित चिकटतो. स्टेनलेसचा नट मशीनने भरकन आवळला की आटे जाम होतात, मग कापूनच काढा! अँटी-सीझ (आटे जाम न होऊ देणारी पेस्ट) लावून हातानेच आवळले. नव्या भोकांवर झिंक स्प्रे मारला. नुसता चंदेरी रंग कुचकामी.