अँटिबायोटिक शरीरात किती काळ राहते, हे कसे ओळखावे

कोर्स संपला म्हणजे औषधही शरीरातून गेले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक अँटिबायोटिकची मुदत वेगळी असते. म्हणून पाकिटावर कंपनीने दिलेले नाव सोडून मूळ औषधाचे नाव आधी पाहावे आणि ते लागत नसेल तर मेडिकलवाल्याला मराठीत किंवा कन्नडमध्ये विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

रक्तातले औषधाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या वेळेला अर्धायुकाल म्हणतात. त्याला पाचाने गुणावे. तेवढ्या वेळात सुमारे ९७ टक्के औषध निघून गेलेले असते. ॲमॉक्सिसिलिनचा अर्धायुकाल सुमारे १ तास, सिप्रोफ्लॉक्सासिनचा ४ तास, डॉक्सिसायक्लिनचा १८ ते २२ तास, तर ॲझिथ्रोमायसिनचा सुमारे ६८ तास असतो. म्हणजे पहिले काही तासांत जाते आणि शेवटचे जवळपास दोन आठवडे रेंगाळते. ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बहुधा तीन किंवा पाचच दिवस देतात, त्याचे कारण हेच.

ॲमॉक्सिसिलिन दिवसातून तीन वेळा दिले असेल, तर दुपारची गोळी चुकवू नये. चिकोडी, निपाणी भागात सकाळी उसाच्या रानात गेलेला माणूस संध्याकाळीच घरी परततो आणि पाकीट फडताळातच राहते. मधल्या तासांत रक्तात औषध उरत नाही आणि जंतूंना मोकळीक मिळते. दुपारची गोळी जेवणाच्या डब्यासोबतच बांधून न्यावी.

वरचा हिशेब निरोगी मूत्रपिंडांचा आहे. मूत्रपिंड अशक्त असल्यास ॲमॉक्सिसिलिन बराच जास्त काळ राहते, म्हणून तो विकार डॉक्टरांना आधीच सांगावा. भरपूर पाणी प्यायल्याने औषध लवकर धुऊन निघेल, ही समजूत मात्र सोडून द्यावी.

आपल्या सीमाभागात एक काळजी अधिक घ्यावी लागते. गावातल्या दवाखान्यात उपचार सुरू होतात आणि उतार न पडल्यास कोणी बेळगावला, तर कोणी कोल्हापूरला जातो. तिथल्या डॉक्टरांपुढे पहिली चिठ्ठी नसतेच. ॲझिथ्रोमायसिन संपून आठवडा झाला तरी ते शरीरात असू शकते, आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणाऱ्या काही औषधांबरोबर ते धोक्याचे ठरते. त्यामुळे गोळ्या संपल्या तरी रिकामे पाकीट टाकू नये. त्यावर शेवटची गोळी घेतल्याची तारीख लिहून ते पुढच्या डॉक्टरांना दाखवावे.