आदेश देताना तरुण लष्करी अधिकारी करतात त्या चुका

नव्या अधिकाऱ्याच्या हातून सगळ्यात जास्त काय वाया जात असेल, तर हाताखालच्यांचा वेळ. दुपारी 12 ला काम मिळालं, रात्री 9 ला कूच. साहेब नकाशावर वाकून योजना घासूनपुसून घेत बसतात आणि साडेसातला सेक्शन कमांडरांना, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकड्यांच्या प्रमुखांना, बोलावतात. उरला दीड तास, तोही अंधारातला. त्यात दारूगोळा वाटा, वायरलेसच्या बॅटऱ्या बदला, पाणी भरा, जवानांना काम समजवा. कात्री लागते ती तालमीला.

नियम साधा आहे: एक तृतीयांश वेळ आपला, दोन तृतीयांश खालच्यांचा. म्हणजे इथे आदेश 3 वाजेपर्यंत सांगून व्हायला हवेत. त्याआधी, सव्वाबारालाच, वॉर्निंग ऑर्डर द्या: काम काय, निघायचं कधी, सोबत काय घ्यायचं, आदेशासाठी कुठे जमायचं. माहिती अर्धवट असली तरी द्या. बांधाबांध तेवढ्यावर सुरू होते.

दुसरी चूक, कामाचं कारण न सांगणं. ‘पुलाचा ताबा घ्या’ एवढंच सांगितलं आणि पूल उडवलेला निघाला, तर सेक्शन तिथेच अडकून वायरलेसवर विचारत बसतो. ‘पहाटे 4 पर्यंत पुलाचा ताबा घ्या, मागून येणारे रणगाडे तिथूनच नदी ओलांडणार आहेत’ असं सांगा. मग तोच कमांडर न विचारता नदी ओलांडता येईल असा उतार शोधायला लागतो. हे वाक्य दोनदा, शब्द न बदलता म्हणा.

आणि आदेशाच्या शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका. उत्तर ‘हो सर’च येणार! त्याऐवजी एकेकाला विचारा, ‘डावीकडून गोळीबार झाला तर पहिल्या मिनिटात काय करशील?’ गडबडला, तर आधी आपला आदेश तपासा.

नकाशावाचनात घात होतो तो चुंबकीय फरकाने, म्हणजे नकाशावरची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतल्या कोनाने. 1 अंश चुकला की किलोमीटरमागे सुमारे 17 मीटर सरकता. फरक 10 अंशांचा असताना वजा करायचा तो मिळवलात, तर चूक 20 अंशांची: किलोमीटरभरात साडेतीनशे मीटर बाजूला. होकायंत्र बघताना रायफल आणि गाडी लांब ठेवा, हे वेगळं सांगायला नको, तरी राहतंच.

सरावानंतरच्या चर्चेत अधिकारी आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. त्याच दिवशी बसा आणि सगळ्यात कनिष्ठापासून सुरुवात करा: काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं. तुमची पाळी शेवटी.