हायब्रिड सुपरकार संग्रहात घेताना या चुका टाळा

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता निपाणीजवळच्या एका शेडमध्ये मला बोलावणे आले. तंबाखूच्या जुन्या वखारीत फरशी घालून, भिंतींना रंग देऊन तिथे सहा गाड्या ठेवल्या होत्या. त्यांपैकी पाच जुन्या पेट्रोल गाड्या बॅटरीची तार जोडताच कमी-अधिक खोकत सुरू झाल्या. सहावी गाडी संग्रहातली सर्वांत नवी आणि सर्वांत महाग, हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. तिचे दारही उघडेना. जूनच्या पहिल्या आठवड्यात मालकांनी तिच्यावर आच्छादन घातले होते आणि सप्टेंबरअखेर ते काढले होते. शेडची राखण करणारे काका मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "नवीच गाडी आहे की हो, हिला काय झालं?"

उद्यमबागेत माझे वाहनांच्या विद्युत दुरुस्तीचे काम आहे आणि बेळगाव, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातल्या काही संग्राहकांच्या गाड्यांची देखभाल मी करतो. काकांच्या प्रश्नाचे उत्तर मी गाडी घेण्यापूर्वीच प्रत्येकाला देऊ पाहतो, कारण गाडी घेतल्यानंतर ते उत्तर फार महाग पडते. संग्रहातली गाडी वर्षातले बहुतेक दिवस उभी असते आणि हायब्रिड गाडीला उभे राहणे मानवत नाही. निवडीतल्या जवळजवळ सगळ्या चुका ही एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

उभ्या गाडीचा विचार न करणे

हायब्रिड सुपरकारमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, उच्च व्होल्टेजची, मोटरींना वीज देणारी. दुसरी नेहमीची 12 व्होल्टची. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी तिला गाडीशी जोडणारे संपर्क, म्हणजे काँटॅक्टर, जुळायला 12 व्होल्टचाच पुरवठा लागतो. अलार्म, दारांची कुलपे आणि गाडीतले संगणक ही लहान बॅटरी थोडी थोडी पीत राहतात. ती संपली की मोठ्या बॅटरीतली वीज असून नसल्यासारखी होते, आणि बराच काळ तसेच राहिले तर मोठी बॅटरीही आपोआप खाली उतरत जाते. काही मॉडेलमध्ये इंजिनाला वेगळा स्टार्टर नसतो, उच्च व्होल्टेजची मोटरच इंजिन फिरवते. अशा गाडीची मोठी बॅटरी मर्यादेच्या खाली गेली की पेट्रोलची टाकी भरलेली असूनही इंजिन सुरू होत नाही.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट रिव्हर्सची आहे. फेरारी एसएफ 90 स्ट्रादाले, फेरारी 296 जीटीबी आणि मॅकलरेन आर्टुरा या तिन्ही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स गिअर नाही. वजन वाचवण्यासाठी तो काढला आहे आणि गाडी मागे नेण्याचे काम विजेची मोटर करते. शहापूर किंवा खडेबाजार भागातल्या जुन्या घराच्या बोळवजा गॅरेजात तोंड आत करून लावलेली अशी गाडी विद्युत प्रणाली बंद पडल्यावर स्वतःच्या बळावर बाहेर येणार नाही. म्हणून गाडी पाहायला जाण्याआधी आपल्या गॅरेजचे माप घ्यावे आणि फ्लॅटबेड ट्रक दारापर्यंत येऊ शकतो का, हे स्वतः चालत जाऊन पाहावे. लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टोची लांबी पाच मीटरला थोडी कमी आणि रुंदी आरसे सोडूनही दोन मीटरच्या वर आहे; तिच्यापुढे आर्टुरा आणि 296 आटोपशीर वाटतात.

फक्त अश्वशक्ती मोजणे

एसएफ 90 ची एकत्रित शक्ती 1000 अश्वशक्ती, रेव्हुएल्टोची 1015, लॅम्बोर्गिनीच्याच टेमेरारिओची 920, 296 ची 830 आणि 2021 मध्ये जाहीर झालेल्या आर्टुराची 680. संग्राहकांच्या बैठकीत हे आकडे तोंडपाठ असतात, पण तवंदी घाट किंवा चोर्ला घाट चढताना यांपैकी कोणतीच गाडी कमी पडणार नाही. माझ्या मते या आकड्यांपेक्षा बॅटरीचा आकार आणि ती भरण्याची रीत यांवर निवड ठरावी.

296 ची बॅटरी 7.45 किलोवॅट तासांची, आर्टुराची 7.4 आणि एसएफ 90 ची 7.9 आहे. या गाड्या निव्वळ विजेवर 25 ते 30 किलोमीटर जातात आणि त्यांना नियमित प्लगची सवय लागते. रेव्हुएल्टो आणि टेमेरारिओ यांची बॅटरी जेमतेम 3.8 किलोवॅट तासांची आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार रेव्हुएल्टोची बॅटरी 7 किलोवॅटच्या चार्जरवर अर्ध्या तासात आणि चालत्या इंजिनावर सहा मिनिटांत भरते. ज्यांच्या गॅरेजात वीज बेभरवशाची आहे आणि जे महिन्यातून एकदाच गाडी बाहेर काढतात, त्यांना मी लहान बॅटरीची, इंजिनावर लवकर भरणारी गाडी सुचवतो. ज्यांना पहाटे शेजाऱ्यांची झोप न मोडता टिळकवाडीतून गाडी बाहेर न्यायची आहे आणि दर पंधरवड्याला ती चालवण्याची शिस्त आहे, त्यांना 296 किंवा आर्टुरा अधिक आनंद देईल. आर्टुरात संपूर्ण हायब्रिड व्यवस्थेचे वजन 130 किलो आणि त्यात बॅटरीचे 88 किलो आहे, आणि तरीही गाडी 1500 किलोच्या आत राहते, याचे मला अभियंता म्हणून मनापासून कौतुक वाटते.

विजेवर चालवण्याची गोडी लागली की एक उलटी अडचण येते. इंजिन महिनोन्महिने तापत नाही आणि टाकीतले पेट्रोल जुने होते. आता सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसाळी हवेत ही बाब क्षुल्लक नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेनचे पेट्रोल आपल्या भागात कोणत्या पंपावर खात्रीने मिळते हे आधी पाहावे. पावसाळ्यापूर्वी टाकी जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा कमी उरते. बाहेर काढल्यावर इंजिनाचे तेल पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवावी. जागेवर दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवल्याने तेलातली ओल जात नाही.

जुनी गाडी नुसत्या नावावर घेणे

हायब्रिड सुपरकारची परंपरा ज्या त्रयीने सुरू केली, त्या पोर्शे 918 स्पायडर, मॅकलरेन पी1 आणि लाफेरारी यांचे आकर्षण मी समजू शकतो. 918 नावाप्रमाणे 918 गाड्या झाल्या आणि पी1 च्या 375. पण वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली असावी लागते. 918 आणि लाफेरारी डाव्या स्टिअरिंगच्याच बनल्या, शिवाय त्यांचे वय या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेले आहे. "कागदपत्रे आम्ही पाहतो" असे कोणी सांगू लागले तर तिथेच बोलणे थांबवावे.

देशातल्या देशात मिळणाऱ्या जुन्या हायब्रिड गाड्यांमध्ये बीएमडब्ल्यू आय8 चा विचार लोक फारसा करत नाहीत, आणि तो व्हायला हवा असे मला वाटते. दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन आणि पुढच्या चाकांना मोटर अशी तिची रचना आहे. 2014 ते 2020 या काळात ती बनली. सुरुवातीच्या गाड्यांच्या बॅटऱ्या मात्र आता दहा वर्षांच्या पुढे आहेत, म्हणून रंग आणि किलोमीटर पाहण्याआधी बॅटरीचा आरोग्य अहवाल मागावा.

हा अहवाल कंपनीच्या निदान यंत्रावर, अधिकृत सेवा केंद्रातच काढलेला असावा. मी एकदा एका विक्रेत्याने दिलेल्या छापील कागदावर विसंबून एका ओळखीच्या कुटुंबाला होकार दिला होता. गाडी आल्यावर विजेवरचा पल्ला सांगितल्याच्या निम्माही निघाला नाही, आणि ती चूक माझी होती. तेव्हापासून मी कागदाबरोबर रस्त्यावरची परीक्षाही घेतो. बॅटरी पूर्ण भरून, गाडी थंड असताना, शांतपणे विजेवर चालवायची आणि इंजिन स्वतःहून केव्हा सुरू होते ते लिहून ठेवायचे. फेरारी 25 किलोमीटरचा पल्ला सांगते आणि बेळगावहून खानापूरचे अंतरही जवळपास तेवढेच आहे, त्यामुळे आपल्याकडे ही परीक्षा सोपी आहे. शहरातल्या वर्दळीत ती घेऊ नये, कारण दर थांब्याला गाडी वीज परत गोळा करते आणि हिशेब चुकतो.

हमीची मुदत बॅटरीसाठी वेगळी वाचावी. आर्टुरा बाजारात आली तेव्हा गाडीला पाच आणि बॅटरीला सहा वर्षांची हमी होती. फेरारीने 2024 मध्ये हायब्रिड गाड्यांसाठी अशी योजना आणली की तिच्यात राहिलेल्या मालकाला आठव्या आणि पुन्हा सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून मिळते. पुढच्या पिढीपर्यंत गाडी ठेवू पाहणाऱ्याच्या दृष्टीने ही योजना सोन्यासारखी आहे. म्हणून वापरलेली गाडी घेताना ती योजनेत आहे का आणि मध्ये खंड पडला आहे का, हे लेखी विचारावे.

कोल्हापूरचा क्रमांक घेऊन बेळगावात ठेवणे

सीमाभागात ही चूक सर्वांत सहज होते, कारण पाहुणे तिकडे, घर इकडे अशी आपली स्थिती आहे. कर्नाटकात 20 लाखांवरच्या गाडीला किमतीच्या 18 टक्के आजीवन कर आणि त्यावर उपकर लागतो. पाच कोटींच्या गाडीवर उपकर सोडूनच 90 लाख रुपये होतात. महाराष्ट्रात या कराला कमाल मर्यादा आहे. ती 20 लाख होती आणि 1 जुलै 2025 पासून 30 लाख झाली. फरक डोळ्यांत भरणारा आहे आणि एमएच 09 क्रमांकाचा मोह त्यातूनच होतो.

मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला त्या राज्याचा क्रमांक घ्यावाच लागतो. फेब्रुवारी 2025 मध्ये बंगळुरूत परिवहन खात्याने कर न भरलेल्या सुमारे तीस महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये तिथल्याच महाराष्ट्र क्रमांकाच्या एका एसएफ 90 वर सुमारे 1 कोटी 42 लाख रुपये भरावे लागले. गाडी जिथे झोपणार, तिथलाच कर किमतीत धरून दोन मॉडेलची तुलना करावी. करासह परवडत नसेल तर एक पायरी खालची गाडी निवडावी आणि ती निर्धास्त चालवावी.

जागा, वीज आणि उंदीर

चार्जर लावला की लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरू होत नाही, ही तक्रार मला सर्वाधिक वेळा येते. बहुतेक वेळा दोष गाडीत नसून अर्थिंगमध्ये असतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि चार्जर सुरक्षिततेसाठी काम नाकारतो. खड्ड्यात पाणी घालून अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा आणि चार्जरसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर व आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) घ्यावी. जनरेटरवरही हाच अनुभव येतो, कारण तिथे न्यूट्रल जमिनीला जोडलेला नसतो.

शेताजवळच्या शेडमध्ये उंदरांचा बंदोबस्त गाडी येण्याआधी करावा. नारिंगी रंगाची केबल उच्च व्होल्टेजची असते. ती कुरतडलेली दिसली तर हात लावू नये, टेप गुंडाळू नये, गाडी सुरू करून पाहू नये. दूधगंगा-वेदगंगेच्या काठी जागा असेल तर 2019 आणि 2021 चे पूर आठवावेत, तेव्हा यमगर्णीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. बॅटरी गाडीच्या तळाशी असते. मुंबई आणि बंगळुरू दोन्ही आपल्यापासून सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणून गाडी कोणत्या सेवा केंद्राकडे जाणार आणि तिला नेणारा झाकलेला ट्रक कोणाचा, हे खरेदीच्या करारापूर्वी ठरलेले असावे.

गाडी निपचित आढळली तर

किल्लीतले धातूचे पाते काढून दार उघडावे आणि पुस्तिकेत दाखवलेल्या जोडांवरच 12 व्होल्टचा चार्जर लावावा. लहान बॅटरी लिथियमची असेल तर साधा चार्जर तिला बिघडवतो, त्यामुळे आधी तिचा प्रकार वाचावा. 24 व्होल्टच्या ट्रकवरून जंप, म्हणजे तारा जोडून वीज, कधीही देऊ नये. लहान बॅटरी पूर्ण भरल्यावर पडद्यावर उच्च व्होल्टेजचा इशारा उरला नसेल, तरच मोठ्या बॅटरीचा चार्जर जोडावा. इशारा उरला असेल तर पडद्याचे छायाचित्र काढून सेवा केंद्राला पाठवावे आणि पुढचे काही करू नये.

निपाणीच्या गाडीला लहान बॅटरी भरायला एक रात्र लागली. सकाळी दार उघडले तेव्हा आतल्या चामड्यावर पांढरी बुरशी पसरली होती, पण मोठी बॅटरी सुदैवाने मर्यादेच्या वर होती. आम्ही गाडी विजेवरच हळूहळू मागे घेऊन वखारीबाहेर आणली. आता तिच्या शेजारच्या भिंतीवर चार्ज टिकवून धरणारे यंत्र आहे, त्याला स्वतंत्र प्लग आहे, आणि त्याचा हिरवा दिवा काका रोज संध्याकाळी पाहून वहीत तारखेसमोर खूण करतात.