जुन्या कादंबरीचं जेवण घालायचंय? आधी कल्हई बघा

आमचं नाशिकचं वाचनमंडळ एखादं जुनं पुस्तक वाचतं आणि बैठकीला त्या पुस्तकाच्या काळातलं जेवण करतं. पुढची बैठक 'श्यामची आई'ची ठरली आहे. या वेळी तयारी लिहून काढते आहे, कारण मागच्या वेळी सगळं तोंडी ठरलं आणि हरिभाऊ आपट्यांच्या काळातलं पुणेरी जेवण घालता घालता पातेलंभर आमसुलाचं सार मोरीत ओतावं लागलं. कुणाला आपल्या भिशीत किंवा वाचनगटात असं काही करायचं असेल तर त्यांनीही वाचा.

पहिलं काम भांडी. पुस्तक नंतर. माळ्यावरची पितळी पातेली, तपेली, लंगडी खाली उतरवा, खिडकीशी नेऊन आत बघा. आतून पांढरं, चकचकीत असेल तर कल्हई, म्हणजे कथलाचा (टिनचा) मुलामा, आहे. मधूनमधून पिवळं दिसत असेल तर नाही. 'थोडी आहे, चालून जाईल' हे मागच्या वेळीही म्हटलं होतं. चालत नाही. जिथे पितळ उघडं पडलंय तिथे चिंच, आमसूल, ताक, लिंबू, काहीही आंबट लागलं की धातू अन्नात उतरतो आणि पदार्थ कळकतो. चव जुनं नाणं चोखल्यासारखी. गूळ घालून, पाणी वाढवून, पुन्हा उकळून ती जात नाही. आणि प्रश्न फक्त चवीचा नाही, मळमळतं, उलट्या होतात. कळकलं की ओतून द्यायचं, चर्चा नको.

म्हणून बैठकीच्या निदान पंधरा दिवस आधी कल्हई. दारावर येणारे कल्हईवाले आता शोधावेच लागतात. भांडीबाजारात जा, तांबट लेनमध्ये विचारा, कोण करतं ते कळतं. दिवाळीच्या तोंडावर किंवा लग्नसराईत गेलात तर भांडी आठ-आठ दिवस तिथेच पडून राहतील, हे धरून चला. देताना शुद्ध कथलाचीच कल्हई हवी असं स्पष्ट सांगा, शिसं मिसळलेलं नको. जमलं तर समोर उभं राहून करून घ्या. भांडं तापवतात, नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारवतात. बघायलाही मजा येते, पण तुम्ही बघायचं ते बुडाच्या कडेला. पातेल्याचं बूड जिथे वळून वर चढतं त्या कडेला कापूस नीट पोचत नाही आणि तिथेच पिवळी रेघ राहते. बोट फिरवून, भांडं तिरकं धरून बघा. रेघ दिसली तर तिथल्या तिथे परत करून घ्या, घरी आल्यावर कुणी पुन्हा जात नाही.

घरी आणलेल्या भांड्यात आधी पाणी उकळून फेकून द्या. मग त्यात वाटीभर आमसुलाचं सार करून अर्धा तास ठेवा आणि चाखा. ही चाचणी मागच्या वेळी केली असती तर पानं मांडून पाहुणे बसलेले असताना शेजारच्या वहिनींकडून स्टीलचा कुकर मागून आणायची वेळ आली नसती. आमचं एकोणिसावं शतक त्या कुकरच्या पहिल्या शिट्टीलाच संपलं.

आता पुस्तक. सगळ्यांनी वाचून यायचं. सिनेमा पाहिलाय, हे चालणार नाही. साने गुरुजींनी हे १९३३ मध्ये नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं, त्यामुळे नाशिककरांना तर सबब नाहीच. बेचाळीस रात्री, म्हणजे प्रकरणं, आहेत, रोज दोन वाचल्या तरी तीन आठवड्यांत होतं. वाचताना वहीत दोन रकाने करा: पुस्तकात प्रत्यक्ष आलेलं खाणं एका बाजूला, आणि 'त्या काळी कोकणात असं करत असतील' हा आपला अंदाज दुसऱ्या बाजूला. दोन्हींची सरमिसळ करू नका. जेवताना कुणीतरी विचारतंच, 'हे कुठे आहे पुस्तकात?' आणि मग यजमान गडबडतो.

काळ नक्की करा. पुस्तक १९३३ मध्ये लिहिलेलं असलं तरी गोष्ट श्यामच्या, म्हणजे गुरुजींच्याच, लहानपणची आहे, आणि गुरुजींची आई गेली १९१७ मध्ये. म्हणजे हिशोब त्याआधीचा. डालडा १९३७ चा, बाद. प्रेशर कुकर बाद, रिफाइंड तेल बाद, सोयाबीन तर नावच काढू नका. बटाटा आणि मिरची परदेशातून आलेली असली तरी तोवर पुरेशी मुरली होती, त्यावर वाद घालू नका. टोमॅटो मात्र नको. एखाद्याने तेव्हाच्या मुंबईत तो मिळत असल्याचा पुरावा आणला तरी नको. कोकणातल्या खेड्यात, कर्जात बुडालेल्या घरात तो रोज आमटीत पडत होता असं मला कुणी पटवू शकणार नाही.

काळापेक्षा मोठी अडचण आपल्या हाताची. नाशिकचा हात भाजीत दाण्याचं कूट टाकतो आणि आमटीत काळा मसाला, विचार न करता. पालगडच्या, म्हणजे गुरुजींच्या कोकणातल्या गावच्या, स्वयंपाकात ओलं खोबरं हवं, आमसूल हवं. कूट आणि काळ्या मसाल्याचा डबा त्या दिवशी ओट्यावरून उचलून कपाटात ठेवा. मी गंमत करत नाही, डबा समोर असला की चमचा जातोच.

पाककृतींसाठी मोबाइलवर शोधत बसू नका, तिथे सगळ्यात आलं-लसूण पेस्ट असते. छापील मराठीतलं 'सूपशास्त्र' १८७५ चं आहे, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं, म्हणजे आपल्या काळाला अगदी लागून. प्रत मिळते का ते नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा, १८४० पासूनची संस्था आहे, जुनं काही शोधायचं तर सुरुवात तिथूनच. जुन्या मापांशी जपून. तोळा म्हणजे साधारण ११.७ ग्रॅम, शेर ८० तोळ्यांचा धरला तर ९३३ ग्रॅम होतो, पण शेर गावोगाव बदलायचा आणि धान्य मापायचा शेर तर वेगळाच. म्हणून मीठ, हिंग, तिखट कधीही पुस्तकाच्या मापाने टाकू नका. अर्ध्याने सुरू करा.

मेन्यू छोटा ठेवा. भात, वरण, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार, एक चटणी, ताक आणि रताळ्याच्या पाल्याची भाजी. तीच ती अळणी भाजी. आई मीठ घालायला विसरली, वडिलांनी एका शब्दाने न बोलता खाल्ली, आणि आईला कळलं ती स्वतः जेवायला बसल्यावर. आमच्याकडे यावर दोन तट पडलेत: भाजी खरोखरच अळणी वाढायची की नाही. माझं मत, अळणीच वाढा, पानात मीठ असतंच. पण आधी सांगू नका. कोण गप्प खातं आणि कोण पहिल्या घासाला ओरडतं ते बघायचंय, नाहीतर हे पुस्तक निवडलं कशाला.

रताळ्याचा पाला बाजारात गड्ड्यांनी मिळत नाही. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात एखाद्या भाजीवाल्या मावशींना आधीच्या आठवड्यात सांगून ठेवा, पुढच्या बुधवारी त्या घेऊन येतात. कोवळे शेंडेच घ्या. आणि नदीकाठावरून स्वतः तोडून आणायचा शहाणपणा कुणी करू नका. तिथे माजलेली बेशरम रताळ्याच्याच कुळातली आहे, फूलही मिळतंजुळतं, आणि ती विषारी आहे. बैठक बुधवारनंतर दोन दिवसांत ठेवा, पाला लगेच मलूल होतो. कुळीथ आपल्याकडे हुलगे म्हणून मिळतात, भाजून दळून आणा. तांदूळ हातसडीचा. तो जास्त पाणी पितो आणि वेळ घेतो, एकदा घरी करून बघा. नारळ, आमसूल, गूळ, सांगायला नको.

मध्येच विचारते: कल्हईला भांडी दिली का? नसतील तर वाचणं थांबवा आणि द्या. सार करायचं आहे, ताक करायचं आहे, दोन्ही आंबट. कल्हई नसेल तर हे दोन्ही मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात करा आणि पितळेचा हट्ट सोडा. काळ थोडा चुकला तर कुणी आजारी पडत नाही.

कल्हई झालेल्या भांड्याला वापरतानाही जपावं लागतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणजे रिकामं पातेलं आचेवर ठेवून 'जरा तापू दे' म्हणालात की कल्हई घरंगळून बुडाशी गोळा होते. आधी पाणी किंवा डाळ आत, मग खाली आच. फोडणी या भांड्यात करू नका, लोखंडी पळीत करून वरून ओता. ढवळायला लाकडी डाव, स्टीलचा कडेने खरवडतो.

डाळ कुकरशिवाय शिजायला तास-दीड तास धरा. रात्री भिजवलीत तर लवकर. शेगडीवर करायची हौस असेल तर गच्चीवर, सोसायटीला विचारून. बंद स्वयंपाकघरात कोळसा पेटवायचा नाही, त्या वायूला वास नसतो आणि डोकं जड होईपर्यंत कळत नाही. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी गॅसवरच शिजवावं, लाजू नये. पाटा-वरवंटा मात्र हवाच, चटणीत फरक पडतो. वाटायला एकापेक्षा जास्त हात ठेवा, पहिला हात लवकर दमतो.

दिवसाचं वेळापत्रक: सकाळी डाळ, मग भाजी निवडणं, सार, पिठलं शेवटी कारण ते घट्ट होतं. सार झालं की पितळी भांड्यातून लगेच काढून घ्या. कल्हई असली तरी. चाखूनच वाढायला न्या.

बसायला पाट किंवा सतरंज्या, गुडघे दुखणाऱ्या काका-मावशींना खुर्च्या, त्यात पुस्तकाचा अपमान होत नाही. पान वाढताना मीठ वर मध्यभागी, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, भात मध्ये. पुस्तकात पत्रावळ लावण्याचा धडाच आहे, ज्यांना हौस असेल त्यांनी लावून बघावी, पण जेवायला विकतच्या आणून ठेवा, हौशी पत्रावळीतून वरण गळतं. वाचन जेवणाआधी, थोडकं. भरल्या पोटी कुणी ऐकत नाही.

नंतरचं: भांडी आतून राखेने आणि मऊ चोथ्याने, तारेची घासणी आत अजिबात नाही. बाहेरून चिंच लावा हवी तेवढी. कोरडी करून माळ्यावर. खर्च त्याच रात्री वाटून घ्या. पत्रावळी गायीला घालायच्या तर घेतानाच उलटून बघा, आतून प्लास्टिकचा पापुद्रा लावलेल्या असतात, तसल्या घालू नका.