मानसोपचाराच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मुलाचं वजन वाढू लागलं, तर काय करावं?

आधी हे लक्षात घ्या: मानसोपचाराची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, अर्धीही करायची नाही. वजन उतरेल न उतरेल, आजार मात्र उलटू शकतो.

आणि गोळ्यांमुळे सारखी लागणारी भूक खरी असते. ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या औषधांनी पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. "आत्ताच तर जेवलास!" म्हणून भागत नाही. अमेरिकेतल्या २००९ च्या एका अभ्यासात, ही औषधं पहिल्यांदाच घेणाऱ्या मुलांचं वजन सुमारे ११ आठवड्यांत ओलान्झापिनवर सरासरी साडेआठ किलो, रिस्पेरिडोनवर ५.३, तर अरिपिप्राझोलवर ४.४ किलो वाढलं होतं.

म्हणून पहिल्या गोळीआधीच वजन, उंची, कमरेचा घेर आणि रक्तदाब वहीत लिहा. उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, तेव्हा एकदा, तीन महिन्यांनी पुन्हा. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर. रोज काट्यावर उभं केलंत तर मूल काट्यालाच वैतागेल. महिन्याभरात पाच टक्के वाढ, म्हणजे ५० किलोच्या मुलाचे अडीच किलो, दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

स्वयंपाकघरात सुरुवात बाटलीपासून करा. काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, मग मुलं कोल्ड्रिंक नाहीतर पाकिटातला ज्यूस पितात. घरात पाणी आणि साधं ताकच ठेवा. रात्रीच्या गोळीनंतर भूक खवळते, तेव्हा हाताशी बिस्किटांचा पुडा नको. काकडी, फुटाणे, उरलेली उसळ असू द्या. नियम सगळ्या घराला एकच. बाबांना फरसाण आणि पोराला काकडी, हे दोन दिवसही टिकत नाही.

गोळीने सुस्ती येते, त्यामुळे सकाळी पळायला पाठवण्याचा हट्ट नको. संध्याकाळी सोबत अर्धा तास चाला.

तरीही वजन चढतच राहिलं तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: कमी वजन वाढवणारं औषध चालेल का? मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा विचार करता येईल का? मधुमेह नसतानाही डॉक्टर ते यासाठी देतात. सुरुवातीला पोट बिघडू शकतं. रिस्पेरिडोन किंवा व्हॅल्प्रोएट (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्या मुलीची पाळी अनियमित झाली, तर तेही सांगा.

लग्नाकार्यात "काय रे, चांगलाच सुटलास!" म्हणणारे मामा-काका भेटणारच. त्यांना आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा. अशा टोमण्याने वैतागून गुपचूप गोळ्या टाकून देणारी मुलं असतात.