मोठ्या चणीचे मिश्र जातीचे पिल्लू वाढवताना
पुढे डोंगर चढायला सोबत नेण्यासाठी पिल्लू पाळले असले, तरी पहिले वर्ष-दीड वर्ष घाई मालकानेच आवरावी. कारण मोठ्या चणीच्या कुत्र्यांच्या हाडांच्या टोकांजवळची वाढीची कूर्चा (हाड जिथून वाढते तो मऊ थर) साधारण १२ ते १८ महिन्यांपर्यंत पक्की होत नाही आणि तोवर उंचावरच्या उड्या किंवा सायकलीमागची दौड सांध्यांना भोवू शकते. दोरीची शिस्त मात्र पिल्लू हलके असतानाच लावावी: दोरी ताणली की जागीच थांबावे, ओढू नये, ओरडू नये, आणि त्याने मागे वळून पाहताच, दोरी सैल पडली की, खाऊ देऊन पुढचे पाऊल टाकावे. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत पोचायलाच पाव तास लागतो. अंगावर झेप घेणे आज गोड वाटते, ३० किलोंचे झाल्यावर वाटणार नाही. म्हणून चारही पाय जमिनीवर असतानाच त्याला कुरवाळावे.