कॅसिनोच्या हॉटेलात कामासाठी एकटीनं राहायचं असेल तर

लास वेगासला परिषदेसाठी किंवा प्रदर्शनासाठी जाणाऱ्या मैत्रिणी मला पहिला प्रश्न विचारतात तो कपड्यांचा. माझी यादी मात्र हॉटेलच्या नकाशापासून सुरू होते. ही हॉटेलं खेळायला आलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली आहेत. खोली, जेवण, सभागृह, टॅक्सी, कुठेही जायचं तरी वाट बहुतेक वेळा कॅसिनोतूनच जाते. एमजीएम ग्रँडमध्ये 5,000 हून जास्त खोल्या आहेत, व्हेनेशियन आणि पलाझो मिळून 7,000 हून जास्त. इतक्या मोठ्या इमारतीत खोलीपासून सभागृहापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागलं तर नवल नाही. म्हणून परिषद ज्या हॉटेलात आहे तिथेच खोली घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. ते जमलं नाही तर मोनोरेलच्या वाटेवरचं हॉटेल बघा. ती थेट कन्व्हेन्शन सेंटरला थांबते. विमानतळावर मात्र जात नाही.

निघण्यापूर्वी ऑफिसकडून एक गोष्ट लेखी घ्या: रिसॉर्ट फी कोण भरणार? खोलीच्या भाड्याशिवाय ही सक्तीची रक्कम रोज लागते, मोठ्या हॉटेलांत साधारण 50 डॉलरच्या आसपास, वर कर वेगळा. मे 2025 पासून अमेरिकेत सक्तीचे आकार धरून पूर्ण रक्कम आधीच दाखवावी लागते, त्यामुळे आता शोधाशोध करावी लागत नाही. पण कंपनीच्या नियमात ती बसते का, हे वेगळं विचारावंच लागतं. शिवाय चेक-इनच्या वेळी तुमच्या कार्डावर अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात आणि ती सुटायला काही दिवस लागतात. डेबिट कार्ड दिलं तर तेवढे दिवस स्वतःचेच पैसे अडकतात, म्हणून क्रेडिट कार्ड द्या. टिपेसाठी एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटा आधीच जवळ ठेवा, कॅसिनोतल्या एटीएमचं शुल्क फार असतं.

काउंटरवर दोन गोष्टी न लाजता मागायच्या. खोली लिफ्टपासून फार लांब नको आणि शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार नको. एकदा काउंटरवरच्या मुलानं माझा खोली क्रमांक मोठ्यानं उच्चारला, तेव्हा मागे रांगेत तीस-चाळीस माणसं होती. मी तिथल्या तिथे दुसरी खोली मागितली आणि त्यानंही मुकाट्यानं क्रमांक कागदावर लिहून दिला. हे मागणं अजिबात जास्तीचं नाही. फोनवरची डिजिटल चावी सोयीची असली तरी प्लॅस्टिकचं कार्डही घ्याच. सप्टेंबर 2023 मध्ये एमजीएम कंपनीच्या हॉटेलांवर सायबर हल्ला झाला तेव्हा डिजिटल चाव्याही बिघडल्या होत्या.

आता दार. खोलीत शिरल्यावर बॅग दारात अडकवून दार उघडं ठेवायचं, आणि न्हाणीघर, कपाट, पडद्यामागची जागा बघून झाली की मगच बंद करायचं. दाराला आतून दोन गोष्टी असतात: मुठीच्या वर फिरवायचा बोल्ट आणि त्याच्याही वर धातूची कडी. दोन्ही लावून बघा. बोल्ट फिरताना खट्ट आवाज आला पाहिजे. कडी सैल असेल, स्क्रू हलत असेल, तर सामान उघडण्याआधीच खोली बदलून मागा. मी रबराचं दारात खुपसायचं पाचर नेते. मुठीएवढंही नसतं, पण त्याच्या भरवशावर झोप लागते.

दारावरच्या ‘डू नॉट डिस्टर्ब’च्या पाटीवर मात्र पूर्ण विसंबू नका. 1 ऑक्टोबर 2017 ला वेगासमध्ये हॉटेलच्या 32व्या मजल्यावरून गोळीबार झाला, त्यानंतर बऱ्याच हॉटेलांनी नियम बदलले. पाटी लागोपाठ लावून ठेवली तर कर्मचारी खोली पाहायला येऊ शकतात. नियमामागचं कारण मला पटतं, पण त्याची झळ एकट्या बाईला जास्त बसते. ऑगस्ट 2018 मध्ये डेफ कॉन या संगणक-सुरक्षेच्या परिषदेला आलेल्यांनी, त्यांत बायकांनीही, खोलीत येणाऱ्या सुरक्षारक्षकांबद्दल उघड तक्रारी केल्या होत्या. म्हणून तुमच्या हॉटेलचा नियम चेक-इनलाच विचारा: किती तासांनी येता, आधी फोन करता का? रोज ठरलेल्या वेळी सफाई करून घेतली तर हा प्रश्न बराच सुटतो. तरीही कुणी दार वाजवलंच तर कडी न काढता नाव विचारायचं, खोलीतल्या फोनवरून ऑपरेटरला विचारून खात्री करायची, आणि बाहेरच्याला तोवर थांबायला सांगायचं. खरा कर्मचारी थांबतो. रात्री ‘काउंटरवरून बोलतोय, कार्डाचा नंबर पुन्हा सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या आणि सकाळी खाली जाऊन विचारा.

सभागृहाबाहेर पडलं की गळ्यातला बिल्ला काढून पर्समध्ये टाका. त्यावर तुमचं नाव आणि कंपनी ठळक अक्षरांत असते, आणि अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की आपण नकळत ओळख असल्यासारखं बोलायला लागतो. कॅसिनोच्या बारमध्ये एकटी बसलेली बाई पाहून काहीजण भलताच अर्थ काढतात. वेगास ज्या क्लार्क काउंटीत आहे तिथे वेश्याव्यवसाय बेकायदा आहे, त्यामुळे सुरक्षारक्षकही कधी हटकू शकतात. खोलीचं कार्ड दाखवायचं आणि शांतपणे बोलायचं, आपण काही चुकीचं करत नसतो. पेय बारमनच्या हातून थेट घ्या. ग्लास टेबलावर सोडून उठलात तर परत येऊन नवा मागा. एकविसाच्या आतल्यांना खेळायला मनाई असल्यानं ओळखपत्र कधीही मागतात, तेव्हा पासपोर्ट हाताशी हवा.

धुराचीही तयारी लागते. वेगास ज्या नेवाडा राज्यात आहे तिथे कॅसिनोत सिगारेट ओढायला परवानगी आहे, आणि सभागृहाकडे जाताना रोज त्यातूनच जावं लागतं. दमा असेल तर हे आधीच विचारात घ्या. पार्क एमजीएम हे हॉटेल 2020 पासून धूरमुक्त आहे. बाकी ठिकाणी सभेचा कोट बॅगेत नेऊन सभागृहाच्या दारापाशी घालायचा.

बाहेर जाताना ॲपवरची गाडी दारात येत नाही, तिची जागा ठरलेली असते, कित्येकदा पार्किंगच्या इमारतीत. ती जागा दिवसा एकदा पाहून ठेवा. बसण्याआधी गाडीचा नंबर जुळवा आणि ‘कोणाला न्यायला आलात?’ असं चालकालाच विचारा, आपलं नाव आधी सांगू नका. स्ट्रिपवरच्या, म्हणजे मोठी कॅसिनो-हॉटेलं असलेल्या मुख्य रस्त्यावरच्या, पादचारी पुलांवर नकाशा बघत थांबू नका, जानेवारी 2024 पासून तिथे थांबायलाच बंदी आहे. तातडीची मदत लागली तर 911 वर फोन करा, पण हॉटेलच्या आत असाल तर हॉटेलच्या सुरक्षा विभागालाही लगेच कळवा, त्यांना इमारतीतली वाट माहीत असते.

बॅगेत काय? पायाला सरावलेले बूट, नवे अजिबात नकोत. हवा वाळवंटाची, म्हणून ओठांचं मलम, क्रीम आणि भरून घ्यायची बाटली. उन्हाळ्यात बाहेर चाळीसच्या वर आणि आत कुडकुडायला लावणारा एसी, म्हणून एक शाल. सॅनिटरी पॅड आणि नेहमीची औषधं घरूनच. वीज 120 व्होल्टची आहे, तेव्हा फक्त 220 व्होल्टवर चालणारा हेअर ड्रायर नेऊन उपयोग नाही. मिनीबारमधली बाटली उचलूनही बघू नका, बऱ्याच ठिकाणी त्याखाली सेन्सर असतो आणि पैसे लागतात.

निघायच्या आदल्या रात्रीच बिल उघडून प्रत्येक ओळ वाचा. न घेतलेल्या वस्तूचे पैसे काउंटरवर लगेच कमी करून घेता येतात, घरी पोचल्यावर तेच काम ईमेलवर रेंगाळतं. पासपोर्ट तिजोरीत ठेवला असेल तर रात्रीच काढून पर्समध्ये ठेवा, आणि सकाळी निघताना दाराखालचं पाचर उचलायला विसरू नका.